दोन वर्षं ‘बालपण’ शिकलो, त्याचा खराखुरा रिव्ह्यू

कोर्समध्ये एका लहान मुलाचं निरीक्षण करून लिहायचं होतं, त्या फील्डवर्कच्या पहिल्याच वहीत मी लिहिलं होतं, ‘मुलगा चिडला आणि त्यानं झाकण फेकलं.’ वही परत आली तेव्हा ‘चिडला’ या शब्दाभोवती लाल गोल आणि बाजूला शिकवणाऱ्या मॅडमचं बारीक अक्षर, ‘तुम्हाला कसं कळलं?’ मी मनात म्हटलं, कसं कळलं म्हणजे काय, समोरच बसलो होतो की, दिसत होतं. मग घरी येऊन आठवायला बसलो तर त्याचा चेहरा काही आठवेना, भुवया नाहीत, ओठ नाहीत, तोंडातून आवाज आला होता का तेही नाही, आठवत होता फक्त ‘चिडला’ हा माझाच शब्द. झाकण तरी फेकलं होतं का हातातून सुटलं होतं, तेही आता छातीठोकपणे सांगता येईना. या कोर्सबद्दल एकच गोष्ट सांग म्हणालात तर मी हा लाल गोल सांगेन. बाकी चांगलं-वाईट सगळं खाली आहे, रिव्ह्यू लांबलाय, चहा-बिहा घेऊन बसा.

तर कोर्स. बालपण, किशोरवय, शिक्षण आणि सामाजिक स्वास्थ्य असं लांबलचक नाव, दोन वर्षं, पार्टटाइम, लेक्चर्स बरीचशी रेकॉर्डेड आणि महिन्यातून दोनदा लाइव्ह ट्यूटोरियल. चार मोठे पेपर, एक संशोधन पद्धतीचा, मग फील्डवर्क आणि शेवटी प्रबंध. युनिव्हर्सिटीचं नाव मुद्दाम घेत नाहीये कारण पुढं ऑफिसबद्दल जरा बोलायचंय, आणि तसंही या विषयाचा कोर्स कुठंही घ्या, सांगाडा साधारण हाच असतो, मुलांच्या वाढीबद्दल सिद्धांत मांडणारे तेच पियाजे, तेच बोल्बी, तेच ब्रॉन्फेनब्रेनर. फरक पडतो तो शिकवणाऱ्यामुळं आणि फील्डवर्क किती मनावर घेतात त्यामुळं.

मी गणिताचे क्लास घेतो. बारा ते पंधरा वयाची पोरं. आता गणिताच्या मास्तरला हे सगळं कशाला हवं असं आमच्या घरच्यांनाही वाटलं होतं. पण झालं असं की पालक फी भरायला आले की गणिताबद्दल कमी आणि बाकीचंच जास्त बोलतात, हा घरी बोलतच नाही, ही सतत मोबाइलवर असते, सर तुमचं ऐकतो तो, तुम्हीच सांगा ना जरा. आणि मी सांगायचो! मोठ्या थाटात सांगायचो. वर्षानुवर्षं लोकांच्या पोरांबद्दल काहीही ठोकून दिलंय मी, आणि लोक मान हलवत ऐकायचे, त्याचीच मला नंतर नंतर भीती वाटायला लागली.

पहिला पेपर बालपणाचा. सुरुवातच भारी होती, कारण पहिल्या लेक्चरला मुलं कशी वाढतात वगैरे काहीच नाही, प्रश्न एकच, ‘बालपण’ ही गोष्ट आहे का? फिलिप आरिएस नावाच्या फ्रेंच इतिहासकारानं १९६० मध्ये म्हटलं की मध्ययुगीन युरोपात बालपणाची वेगळी कल्पनाच नव्हती, जुन्या चित्रांतली मुलं बघा, छोट्या आकाराची मोठी माणसं दिसतात. झालं, पूर्ण ग्रुप एक आठवडा या कल्पनेवर फिदा. आणि पुढच्याच आठवड्यात मॅडमनी लिंडा पोलॉक यांचं १९८३ चं काम आणलं, ज्यात शेकडो वर्षांच्या खासगी डायऱ्या वाचून दाखवून दिलंय की आईबाप तेव्हाही पोरांच्या आजारपणात रात्र रात्र हवालदिल व्हायचे, पोरांचे चाळे कौतुकानं लिहून ठेवायचे. आपण चित्रं बघून निष्कर्ष काढला आणि डायरी उघडलीच नाही. हे मला फार आवडलं, आधी एखादी गोष्ट पूर्ण पटू द्यायची आणि मग खालची सतरंजी ओढायची. पूर्ण कोर्सभर हेच चालू होतं आणि सुरुवातीला चिडचिड व्हायची, की अहो एकदाच काय ते खरं सांगून टाका ना.

पियाजेचंही तसंच. पियाजे मला बीएडवाल्या मित्रांकडून ऐकून माहीत होता, म्हणजे मुलांचा विचार कसा वाढतो त्याच्या चार अवस्था पाठ करायच्या आणि पेपरात ओतायच्या. इथं कळलं की हा माणूस पॅरिसमध्ये तरुणपणी मुलांच्या बुद्धिमापन चाचण्यांचं काम करत होता, काम काय तर उत्तरं बरोबर किती ते मोजायचं, आणि याला रस वाटायला लागला चुकीच्या उत्तरांत. एका वयाची मुलं एकाच पद्धतीनं का चुकतात? गणिताचा मास्तर म्हणून मी या वाक्याला लेक्चर पॉज करून उठून फेऱ्या मारल्यात. मी आयुष्यभर चुकीच्या उत्तरावर काट मारत आलो, ते वाचलं कधीच नाही.

मग असाइनमेंट होती की पियाजेचा पाण्याचा प्रयोग घरातल्या मुलावर करून बघा, रीतसर आईबापाला विचारून. दोन सारखे पेले, सारखं पाणी, मुलाला विचारायचं सारखं आहे का, मग एकातलं पाणी उंच निमुळत्या पेल्यात ओतायचं आणि परत विचारायचं, आता कशात जास्त? माझी भाची पाच वर्षांची. पहिल्यांदा म्हणाली सारखं. ओतल्यावर विचारलं तर म्हणाली, यात जास्त, उंच पेला. म्हटलं वा, अगदी पुस्तकातल्यासारखी चुकली. कौतुकानं विचारलं, का गं, जास्त का? तर ही बाई म्हणते, ‘मामा, तू परत विचारलंस ना. म्हणजे आधीचं चुकलं असेल.’

मी गप्प. आणि पुढच्या युनिटमध्ये हेच! सत्तरच्या दशकात रोझ आणि ब्लँक या दोघींनी हेच तपासलं होतं, प्रश्न दोनदा न विचारता फक्त ओतल्यानंतर एकदाच विचारला तर बरोबर उत्तर देणारी मुलं वाढतात. मार्गारेट डोनाल्डसन आणि त्यांच्या सहकाऱ्यानं तर पाण्याऐवजी वस्तूंच्या दोन सारख्या ओळी घेतल्या, त्यातली एक मोठ्या माणसानं विस्कटायच्या ऐवजी एका खोडकर टेडीकडून विस्कटून घेतली आणि एकदम कितीतरी जास्त मुलं ‘सारखंच आहे’ म्हणायला लागली, कारण मोठ्या माणसानं मुद्दाम काही केलं की मुलाला वाटतं यात काहीतरी अर्थ असणार, टेडी काय, वेडा आहे तो. म्हणजे मूल पाण्याचा विचार करत नव्हतं असं नाही, पाण्याच्या जोडीला माझा पण विचार करत होतं. आता हे क्लासमध्ये आणून बघा. पोरगं फळ्यासमोर बरोबर उत्तर देतं, मी सवयीनं म्हणतो ‘नक्की?’ आणि ते लगेच उत्तर बदलतं. किती वर्षं मी याला ‘कॉन्फिडन्स नाही’ म्हणत होतो. आता मी बरोबर उत्तरालाही नक्की विचारतो आणि चुकीच्यालाही, आणि पोरं गोंधळून माझ्या तोंडाकडं बघत बसतात, म्हणजे अजून काही जमलेलं नाही ते मला.

जिव्हाळ्याच्या नात्याचा भाग, म्हणजे ज्याला सगळे अटॅचमेंट म्हणतात, तो चांगला होता पण त्यानं आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं वाटोळं केलं. बोल्बींनी १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेला अहवाल, मग मुलाचं आईशी नातं कसं आहे ते बघणारी मेरी एन्सवर्थ यांची ती वीसेक मिनिटांची चाचणी, आई खोलीतून जाते, अनोळखी बाई येते, आई परत येते. सगळ्यांना वाटतं आई गेल्यावर मूल किती रडतं ते बघायचं असतं. खरी मेख आहे ती आई परत आल्यावर मूल काय करतं त्यात, शांत होतं का, तोंड फिरवतं का, बिलगतं आणि त्याच वेळी ढकलतं का. व्हिडिओ बघताना मॅडम बरोबर तिथं थांबवायच्या आणि म्हणायच्या, पाय बघा, चेहरा नंतर. इतकं बारीक. आणि आमचा ग्रुप काय करतोय, तर नवऱ्याला, सासूला, बॉसला लेबलं लावतोय, ‘माझे हे ना टिपिकल अव्हॉयडंट’, म्हणजे जवळीक टाळणारे. बारा-अठरा महिन्यांच्या पोरांसाठीची चाचणी आहे हो ती, पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला काय लावताय.

या भागात बुखारेस्टचा अभ्यास शिकवला तो मात्र कुणाला विसरता यायचा नाही. १९८९ मध्ये रोमानियातली राजवट कोसळली आणि अनाथालयांत काय चाललं होतं ते जगाला दिसलं. २००० मध्ये संशोधकांनी १३६ मुलं घेतली, निम्म्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं पालक-कुटुंबात ठेवलं, निम्मी आहे तिथंच आपल्या नेहमीच्या व्यवस्थेत राहिली. कुटुंबात गेलेली मुलं सुधारली, आणि साधारण दोन वर्षांच्या आत गेलेली बऱ्याच बाबतीत जास्त सुधारली. यावर ट्यूटोरियलमध्ये जे भांडण झालं ते पूर्ण दोन वर्षांतलं सगळ्यात चांगलं सेशन. एक बाई रडवेल्या होऊन म्हणाल्या, माहीत होतं ना संस्थेत मुलांचं वाईट होतं, मग निम्म्यांना ठेवलंच कसं. दुसरा म्हणाला, हा अभ्यास झाला नसता तर सगळीच तिथं राहिली असती, सरकारकडं पर्यायी कुटुंबांची सोयच नव्हती. मॅडमनी निकाल दिला नाही. पुढच्या असाइनमेंटचा प्रश्न म्हणून तोच दिला. हुशार बाई.

आता फील्डवर्क, ज्यासाठी मी हा कोर्स परत करीन. एस्थर बिक यांनी १९४८ पासून लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये रुजवलेली पद्धत आहे, तिचंच छोटं रूप आम्हाला होतं. एक लहान मूल, त्याच्या घरी, ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी एक तास, असे दहा आठवडे. खेळायचं नाही, शिकवायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, आणि सगळ्यात अवघड म्हणजे तिथं बसून लिहायचंही नाही, फक्त बघायचं आणि घरी येऊन लिहायचं. माझ्या वाट्याला ओळखीच्यांचा अडीच वर्षांचा मुलगा आला. पहिले दोन तास इतके कंटाळवाणे गेले की मी मनातल्या मनात समीकरणं सोडवत होतो. मूल झाकणांशी खेळतंय. डब्यांची झाकणं, चार-पाच. लावतंय, काढतंय, लावतंय, काढतंय. वहीत अर्धं पान सुद्धा भरेना, मग मी ते ‘चिडला’ वगैरे मसाला घालायला लागलो, त्याचंच ते लाल गोल.

मॅडमनी सांगितलं, विशेषणं टाकून द्या, क्रियापदं लिहा. चौथ्या आठवड्याला पहिल्यांदा जमलं. मोठं झाकण छोट्या डब्यावर ठेवतो, ते घसरतं. परत ठेवतो, डाव्या हातानं डबा धरतो. घसरतं. झाकण उलटं करतो, आत बघतो. जिन्यात पाय वाजतात. हात थांबतो, मान दाराकडं. आवाज वरच्या मजल्यावर जातो. झाकण जमिनीवर ठेवतो, फेकत नाही, ठेवतो, पालथं. अंगठा तोंडात. साधारण वीस सेकंदांनी दुसरं झाकण उचलतो. असं दोन पानं. आणि लिहून झाल्यावर वाचताना मला दिसलं की त्या तासात जिन्यात चार वेळा पाय वाजले आणि चारही वेळा हात थांबला. त्याची आई त्याच महिन्यात कामावर परत जायला लागली होती. आता यावरून तो आईची वाट बघत होता असं मी लिहिलं तर परत लाल गोल येणार हे मला माहीत होतं, म्हणून लिहिलं नाही. मॅडमनी समासात फक्त एक टिक केली होती त्या ओळीला. मार्कांपेक्षा ती टिक मला जास्त आवडली, काय सांगू.

एक सावधगिरी. हे फील्डवर्क करताना स्वतःचं लहानपण वर येतं, सगळ्यांचंच येतं, आमच्यातल्या दोघांनी मध्येच सोडलं त्यामुळं. कोर्सच्या माहितीपत्रकात याबद्दल एक ओळ नाही. समुपदेशनाची सोय आहे असं कळलं तेही दुसऱ्या वर्षी, सीनियरकडून. हे चूक आहे, पहिल्या दिवशी सांगायला पाहिजे.

किशोरवयाचा पेपर माझ्या रोजच्या पोरांचा, त्यामुळं मी अंमळ जास्तच आशेनं बसलो होतो. शिकवायला सर होते आणि सर मजेशीर होते पण त्यांना मेंदू फार प्रिय. कशाचंही उत्तर प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, म्हणजे कपाळामागचा, स्वतःला आवर घालायला लावणारा मेंदूचा भाग. पोरं उलटं का बोलतात, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स पूर्ण तयार नाही. वह्या का विसरतात, तेच. अहो मग माझ्या क्लासमधली तीच पोरगी भावाचा अभ्यास घेते, घरचा हिशेब ठेवते, तिचं कॉर्टेक्स काय उसनं आणलंय का. सरांना हे विचारलं तर हसले आणि म्हणाले चांगला मुद्दा आहे, आणि पुढच्या स्लाइडवर परत मेंदू.

पण त्याच पेपरातला गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांचा २००५ चा प्रयोग मी पालकांना हजार वेळा सांगून झालाय. कॉम्प्युटरवर गाडी चालवायचा खेळ, सिग्नल पिवळा झाला की थांबायचं का रेटायचं ते तुम्ही ठरवा. तेरा ते सोळाची पोरं, कॉलेजच्या वयाची आणि चोवीसच्या पुढची मोठी माणसं. काहींना एकट्याला बसवलं, काहींना मित्रांसोबत. मित्र बाजूला आले की पोरांनी घेतलेली जोखीम भरपूर वाढली, मोठ्यांना मित्र असले काय नसले काय, फारसा फरक नाही. म्हणजे ज्याला आपण ‘बेजबाबदार आहे’ म्हणतो तो एकटा असताना वेगळाच मुलगा असू शकतो. हे कळल्यापासून मी कुणालाही सगळ्यांसमोर झापत नाही, बाहेर बोलावतो. वर्गात झापलं तर त्याला उत्तर मला द्यायचं नसतंच, मागच्या बाकाला द्यायचं असतं.

झोपेचा भागही असाच, वयात येताना शरीराचं घड्याळच पुढं सरकतं, रात्री झोप उशिरा येते आणि सकाळी डोळे उघडत नाहीत, आळस वगैरे नंतर. मी सकाळी सहाची बॅच बंद केली. नुकसान झालं, असो.

जेम्स मार्शिया यांचं १९६६ चं काम, ओळख कशी घडते त्याचे चार प्रकार, त्यातला एक मला आठवडाभर छळत होता. एखादा मुलगा ‘मी इंजिनिअरच होणार’ असं ठाम सांगतो, पण दुसरं काही आहे का हे त्यानं कधी उघडूनच बघितलेलं नाही, घरच्यांनी दिलं ते जसंच्या तसं घातलं. आम्ही क्लासवाले याच पोरांना ‘गोल क्लिअर आहे’ म्हणून डोक्यावर घेतो. आणि जो गोंधळलाय, आज हे उद्या ते करतोय, त्याला झापतो, तो कदाचित खरं शोधायचं काम करत असतो. ‘कदाचित’ हा शब्द मी या कोर्समध्ये कमावलाय, आधी नव्हता माझ्याकडं.

मोबाइलवर एक अख्खं युनिट होतं आणि मला वाटलं आता पालकांना द्यायला मसाला मिळणार. तर तिथं ऑर्बेन आणि प्रझिबिल्स्की यांचा २०१९ चा अभ्यास, लाखो किशोरवयीनांची माहिती तपासून निघालं काय, तर त्यांच्या बऱ्या-वाईट वाटण्यातल्या फरकांपैकी जास्तीत जास्त ०.४ टक्के फरक स्क्रीनशी जोडता येतो. त्यांनी तुलनेला बटाटे खाण्याचा आकडाही दिला होता, तो साधारण तितकाच! सरांनी लगेच इशारा दिला की ही सरासरी आहे, एखाद्या मुलीला ऑनलाइन छळलं जातंय तिला ही सरासरी सांगू नका. बरोबर आहे. पण आता पालक मोबाइलवरून सुरू झाले की मी आधी विचारतो, झोपतो किती, मित्र आहेत का, घरात जेवताना कोण कोण असतं. मोबाइलचं नंतर बघू.

शिक्षणाचा पेपर ठीकठाक. धोरणं, अभ्यासक्रम, समित्या, हे वाचताना मी दोनदा झोपलोय, खोटं का बोलू. चांगलं काय तर गैरसमज धुऊन काढतात. कुणी बघून शिकतो, कुणी ऐकून, कुणी करून, म्हणून प्रत्येकाला त्याच्या ‘स्टाइल’नं शिकवा, हे मी पालकसभेत तक्ता लावून सांगितलंय, आणि पॅश्लर वगैरे मंडळींनी २००८ मध्ये सगळा पुरावा चाळून म्हटलं की तसं जुळवून शिकवल्यानं फायदा होतो याला पुरेसा आधार नाही. तक्ता काढला. मार्शमेलो या मऊ मिठाईचा प्रयोग पण तसाच सोलला, एक आत्ता का दोन नंतर, थांबलेली मुलं पुढं यशस्वी, सगळ्यांनी ऐकलेलं असतं. २०१८ मध्ये ९०० च्या वर मुलांवर परत बघितलं तर संबंध आधीपेक्षा बराच लहान निघाला, आणि घरची परिस्थिती हिशेबात घेतल्यावर आणखीच आटला. त्याआधी २०१३ मध्ये सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी भारी आयडिया केली होती, आधी मुलाला चांगले रंग आणून देतो म्हणायचं आणि काही मुलांच्या बाबतीत शब्द मोडायचा. ज्यांचा शब्द पाळला ती सरासरी १२ मिनिटं थांबली, ज्यांचा मोडला ती ३. थांबायचं कशाला, समोरचा देणारच नाही हे कळलंय की त्यांना. मी टेस्ट घेणार म्हणतो आणि तीन वेळा पुढं ढकलतो, मग पोरं अभ्यास करत नाहीत म्हणून ओरडतो. तर ते एक.

सामाजिक स्वास्थ्याचा पेपर मात्र, माफ करा, पार पाणी. नाव एवढं मोठं आणि आत व्याख्या. स्वास्थ्य म्हणजे काय याच्या व्याख्या, त्या व्याख्यांची तुलना, मग आकृत्या, वर्तुळात वर्तुळ. ब्रॉन्फेनब्रेनर यांची ती वर्तुळं, घर-शाळा आत, आईबापाची नोकरी त्याच्या बाहेर, संस्कृती-कायदा सगळ्यात बाहेर, ती चांगलीच आहेत, पण चार पेपरांत चार वेळा? बालपणातल्या आघातांचा तो मोठा अमेरिकी अभ्यास, १९९५ ते ९७ मध्ये झालेला, सतरा हजारांवर लोकांचा, तो शिकवला आणि लगेच प्रश्नावली देऊन आपापला स्कोअर काढायला सांगितला, ऑनलाइन, एकट्यानं, रात्री. अरे काय हे! त्याच अभ्यासातले एक मुख्य संशोधक रॉबर्ट आंडा यांनीच २०२० मध्ये लिहिलंय की हा स्कोअर एकेका माणसाचं निदान म्हणून वापरू नका. फीडबॅक फॉर्ममध्ये मी हे लिहिलं, उत्तर आलं ‘आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद’.

या पेपरात जीव आला तो हवाईतल्या काउआई बेटाच्या अभ्यासामुळं. १९५५ मध्ये तिथं जन्मलेली सगळी बाळं, ६९८, एमी वर्नर आणि त्यांच्या टीमनं कित्येक दशकं त्यांचा माग ठेवला. सगळ्यात अवघड परिस्थितीत वाढलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश चांगली, समर्थ माणसं झाली, आणि त्यांच्यात वारंवार दिसलेली एक गोष्ट म्हणजे कुठंतरी एक मोठं माणूस टिकून होतं, आजी, मावशी, शिक्षक, शेजारी, कुणीही. मला एवढ्यावर चार लेक्चर्स हवी होती. मिळाली पाऊण.

आणि एक सर्वांना लागू पडणारी तक्रार, उदाहरणं बहुतेक अमेरिका-युरोपची. २०१० मध्ये हेन्रिक वगैरेंनी मानसशास्त्राचे निष्कर्ष एका छोट्याशा श्रीमंत, शिकलेल्या पाश्चात्त्य गटावर उभे आहेत असं बजावलं, ते आम्हाला शिकवलं, परीक्षेत विचारलं, आणि पुढच्या युनिटला परत तेच नमुने. आजी-काका-आत्यांनी भरलेल्या घरात त्या एन्सवर्थबाईंच्या खोलीचं काय होतं, हा प्रश्न मी विचारला तेव्हा ‘प्रबंधासाठी छान विषय आहे’ असं उत्तर मिळालं. म्हणजे तुम्हीच शोधा.

ऑफिसबद्दल थोडक्यात. पोर्टल सबमिशनच्या रात्री हमखास झोपतं. एकदा माझी असाइनमेंट ‘प्राप्त झाली नाही’, स्क्रीनशॉट पाठवला, तीन आठवडे, चार मेल, शेवटी मॅडमनी मध्ये पडून सोडवलं. ग्रुप असाइनमेंट पाच जणांची, करणारे दोन, हे बहुधा जगभर असंच असतं. ४२ जणांत पुरुष मी धरून तिघं, आणि मायकेल लॅम्ब यांनी १९७५ मध्ये बाप हा बालविकासात विसरला गेलेला घटक आहे म्हटलं त्यावर जेमतेम अर्धं पान, तेव्हा आम्ही तिघं एकमेकांना स्मायली पाठवत बसलो होतो.

प्रबंधाचं एक सांगतो आणि संपवतो. विषय होता पोरं गणितात ‘मला येत नाही’ असं कधीपासून म्हणायला लागतात. आईबापाच्या सह्या मिळाल्या, मला वाटलं झालं काम. नीतिसमितीनं फाइल परत पाठवली, मुलांची स्वतःची संमती वेगळी घ्या, त्यांना कळेल अशा भाषेत, आणि कधीही थांबता येईल हे स्पष्ट लिहा. बालहक्क करार १९८९ चा, कलम १२, मुलाला त्याच्याबद्दलच्या गोष्टींत मत मांडायचा हक्क, हे सगळं मी परीक्षेत सुंदर लिहिलं होतं, पण माझ्याच फॉर्मवर सुचलं नव्हतं. तिसराच फॉर्म एका चौदा वर्षांच्या मुलीचा. तिनं सगळं शांतपणे वाचलं, विचारलं, ‘सर, मी नाही म्हटलं तर चालेल ना? खरंच?’ मी म्हटलं हो. म्हणाली, ‘मग नाही.’ फॉर्म परत दिला आणि जागेवर जाऊन वही उघडून बसली. सांगायचं म्हणजे मला ती मुलाखत सगळ्यात जास्त हवी होती.

कुणी घ्यावा? शिक्षक, बालवाडीवाले, समुपदेशनाकडं वळायचं असलेले, यांनी जरूर. मूल कसं वाढवावं याच्या टिप्स हव्या असतील तर नको, पैसे आणि दोन वर्षं जातील आणि आधी होते तेही ठाम विचार जातील. आणि कुठंही ॲडमिशन घेताना फोन करून एवढंच विचारा, निरीक्षणाचं फील्डवर्क किती तासांचं आहे आणि वह्या कोण तपासतं. ‘ऐच्छिक आहे’ म्हणाले तर फोन ठेवा.

पाचपैकी साडेतीन. एक स्टार सामाजिक स्वास्थ्याच्या स्लाइड्सनी खाल्ला, अर्धा पोर्टलनं.